तांबडी तार, हिरवी तार

गोवा राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी पेडणे तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान डिचोलीला एका खाणीच्या गॅरेजमध्ये फिटर होते. पार्से या आमच्या गावाहून ते रोज मोटारसायकलने जात-येत असत. लग्नाला दोनेक वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं. एका संध्याकाळी चहा पिता पिता ते एकदम म्हणाले, "खाणीवरून नदीच्या जेटीवर, जेटीवरून परत खाणीवर. आमचे ट्रक जन्मभर तेवढंच फिरतात. आपण या सुट्टीत हिमालय बघून येऊया."

"कशाने?"

"ही आहे की," म्हणत त्यांनी दारासमोरच्या खळ्यात उभ्या मोटारसायकलकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. सासूबाई आठवडाभर गप्प होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "जातलात तर थंडीचे कपडे खंयसून हाडतलात?" कपडे कुठून आणणार, ही काळजी म्हणजेच त्यांची परवानगी होती.

इंजिन यजमानांनी दोन रविवारांत खोलून परत बसवलं. तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्या गाडीचं विजेचं काम म्हणजे आनंदच होता. दिवा इंजिनाच्या आवाजाबरोबर मोठा-लहान व्हायचा, हॉर्न म्हणजे सर्दी झालेली बकरी. जुन्या तारांचं आवरण उन्हाने कडक होऊन जागोजागी तडकलेलं. त्यांच्या गॅरेजमध्ये कोल्हापूरकडचे एक इलेक्ट्रिशियन होते. ते म्हणाले, "डागडुजी करत बसू नका. सगळं वायरिंग नवं ओढा. मी येतो रविवारी."

"वाटेत बिघडली तर तू तिकडे येणार आहेस का?" यजमानांनी त्यांना विचारलं. "कसं करायचं ते मला सांग, मी करतो."

मला त्याचं आश्चर्य वाटलं होतं, कारण घरातला बल्ब गेला तरी ते शेजाऱ्याला हाक मारायचे.

काजूचे दिवस होते. बोंडांचा आंबूस वास सगळ्या गावभर भरून राहिलेला. माझी शाळेची सुट्टी सुरू झाली होती. यजमानांनी फणसाच्या सावलीत गाडी घेतली, टाकी आणि सीट उतरवली, जुन्या तारांचा सगळा गुंता ओढून बाहेर काढला. नव्या तारा म्हापशाहून आणल्या होत्या. बॅटरीकडून निघणारी तांबडी, गाडीच्या सांगाड्याला जोडायची ती हिरवी, बाकीच्या काळ्या आणि पिवळ्या. मी पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. दुपार व्हायच्या आत त्यांनी बॅटरी जोडली आणि सीटखालून धूर निघाला.

जळक्या रबराचा वास आला तशी मी सूप टाकून धावले. ते नुसते बघत उभे होते. मी पदर हाताला गुंडाळून बॅटरीवरचा चिमटा उपसला. धूर थांबला. फ्यूज अजून बसवायचा होता, म्हणून तार चांगलीच भाजली होती. मी वाकून पाहिलं. बॅटरीवरची तांबडी तार सरळ सांगाड्याच्या बोल्टला आवळलेली, आणि हिरवी भलतीकडेच.

"अहो, तांबडी इथे कशी लावली?"

"तांबडी कुठे आहे? ती हिरवी."

"ही हिरवी?"

मी उरलेल्या तारेचे दोन तुकडे उचलले, त्यांच्यासमोर धरले. "यातली तांबडी कुठली?"

त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात धरून पाहिले. मग खाली बसले आणि हात पुसत म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच दिसतात."

मग त्यांनी सांगितलं. वयाच्या विशीत ते रेल्वेच्या नोकरीसाठी गेले होते. लेखी परीक्षेत पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत बाहेर पडले. घरी सांगितलं, वशिला नव्हता म्हणून घेतलं नाही. तेव्हापासून कोणालाही कळू दिलं नव्हतं, मलासुद्धा. या वेळी त्यांना वाटलं होतं, टोकं नीट लक्षात ठेवली तर जमेल.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तेका ल्हानपणापासूनच तसा," त्या हळूच म्हणाल्या. "काजीची बोंडां काढूक धाडलां की अर्दी कच्ची हाडी. बापाशीन मारलोय तेका. आमका वाटलां, आळस करता." आणि त्या आत निघून गेल्या.

माझ्या मनात मात्र भलतंच आलं. लग्नात मी हिरवा शालू नेसले होते, कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी विचारलं, "मग मी तुम्हाला कशी दिसले होते?"

"मातीच्या रंगाची," ते म्हणाले. "पावसात भिजलेल्या मातीच्या. चांगली दिसलीस."

मी हसले, मग तेही हसले, आणि तिथून ते काम आम्ही दोघांनी केलं. कुठली तार कुठे जाते ते त्यांना पाठ होतं, रंग मी सांगायचे. तारेचं आवरण सोलणं, जोडाला कथलाचा डाग देणं, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळणं, सगळं मी शिकले. पहिले काही डाग इतके ढोबळ झाले, की त्यांनी मुकाट्याने ते परत करून घेतले. मग मला सुचलं. शिवणाचा दोरा घेऊन तांबड्या तारेच्या दोन्ही टोकांना मी एक गाठ मारली, हिरवीला दोन. त्यांनी डोळे मिटून बोटं फिरवली आणि म्हणाले, "आता कळतं."

संध्याकाळी किल्ली फिरवली. दिवा लख्ख लागला. हॉर्न असा वाजला, की शेजारचा कुत्रा कुंपणापलीकडे पळाला.

मे महिन्यात आम्ही निघालो. वाटेत पेट्रोलपंपावर लोक गाडीची पाटी वाचून विचारायचे, हे कुठलं राज्य? यजमान ऐटीत सांगायचे, "नवीन झालंय." हिमाचलात मंडी गावाच्या पुढे डोंगरात पावसाने गाठलं आणि दिवा बंद पडला. मी त्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिक धरून उभी राहिले. त्यांनी बोटांनी चाचपत सैल झालेलं टोक शोधलं, आवळलं, आणि वळून माझ्याकडे असं बघितलं, की रेल्वेची नोकरी मिळाली असती तरी त्यांचा चेहरा तेवढा फुलला नसता. रोहतांगच्या वाटेवर त्यांनी बर्फ मुठीत घेतला आणि म्हणाले, "हा पांढरा आहे, एवढं मला कळतं."

परत आल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये सगळ्यांना स्वतःच सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. कोल्हापूरकर फक्त म्हणाले, "मग त्या दिवशी मला का येऊ दिलं नाही, मर्दा?"

आणि माझी कीर्ती सासूबाईंनी वाड्यावर, सगळ्या वस्तीत, पोचवली. कोणाच्या घरी फ्यूज उडाला, मिक्सर बंद पडला, की हाक यायची, "बाई, जरा येतात?" शाळेतून आल्यावर मी साडी खोचून स्टुलावर चढायचे आणि खाली यजमान टॉर्च धरून उभे राहायचे.