सेकंड साबचं तेल

उष्णतेविषयी जे काही जाणण्यासारखं आहे ते सगळं जाणणारा या पृथ्वीवर एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा काका आहे, हे मी आता कुठेही छातीठोकपणे सांगतो. आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी बोहल्यावर चढायच्या बेतात असताना या माणसाने पुढे येऊन माझ्या मनगटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि चार माणसांत जाहीर केलं, "जावयाला कणकण हाय." सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी मला एकशे दोन ताप होता आणि वरातीत मी शाल पांघरून बसलो होतो. तेव्हापासून त्यांच्या तळहाताबद्दल मी एक अवाक्षरही उलट काढलेलं नाही.

हे माझे चुलतसासरे थळच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनात तेलवाल्याचं काम केलं. तेलवाला म्हणजे यंत्रांना तेल पाजणारा, जुनं काढून नवं भरणारा आणि यंत्राच्या अंगाला हात लावून त्याला बरं आहे की नाही ते सांगणारा. जहाज सुटलं, तेल मात्र सुटलं नाही. अलिबागहून मी मोटारसायकलवर त्यांच्याकडे गेलो की "या, बसा" च्या आधी प्रश्न येतो, "हिचं तेल कवा बदललंस?" गावातले विहिरींवरचे पंप, शिवणयंत्रं, देवळाच्या दाराच्या बिजागऱ्या, कुणाकुणाच्या होड्यांची इंजिनं, सगळ्यांच्या तेलाची जबाबदारी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली आहे. काकूंच्या कढईतल्या तळणीच्या तेलावरही त्यांची नजर असते. ओटीवर पेपर वाचता वाचता ते आत ओरडतात, "उलट ती भाकरी!" आणि काकू वैतागून भाकरी उलटतात तेव्हा ती नेमकी उलटण्याजोगी झालेली असते. काकूंना याचाच जास्त राग येतो.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी काय आणावं? तर खोली गरम करायची विजेची शेगडी. तीसुद्धा आमच्या किनाऱ्यावर, जिथे माघ महिन्यातही लोक पंखा नुसता एका आकड्याने कमी करतात! पांढऱ्या पत्र्याची, उभ्या पात्यांची, खाली चार चाकं असलेली आणि पोटात तेल भरून कायमची बंद केलेली ती पेटी त्यांनी मुंबईहून बोटीने स्वतः मांडीशी धरून आणली. त्यामागे एक गोष्ट होती. पार उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात त्यांना न्यूमोनिया झाला, जहाज त्यांना मागे ठेवून पुढे गेलं आणि खलाशांच्या वसतिगृहातल्या एका खोलीत ते दोन आठवडे एकटे पडून होते. "भाषा न्हाय, मानूस न्हाय," ते सांगतात, "असल्याच एका पेटीला पाठ लावून बसलो, म्हनून आज तुमच्यापुढं हाय." तिचं नाव त्यांनी 'सेकंड साब' ठेवलं. त्यांच्या जहाजावरचा दुसरा इंजिनिअर म्हणे तसाच होता. तापायला वेळ घ्यायचा, पण तापला की लवकर निवायचा नाही.

अर्धं गाव सेकंड साबना बघायला आलं. शेजारची एक बाई बाटली घेऊनच आली आणि विचारू लागली, "यात तेल कनचा घालायचा? खोबरेल का तिलाचा?" यात तेल घालायचं नसतं, ते कधी बदलायचंही नसतं, असं काकांनी तिला समजावलं खरं, पण समजावता समजावता त्यांचाच चेहरा पडत गेला. कारण खरं दुखणं तेच होतं. जन्मभर तेल बदलण्यात गेलेल्या माणसाला कधीच न बदलायचं तेल ही कल्पनाच सहन होत नव्हती. "तेल हाय म्हंजे जुनं व्हनारच," ते पुटपुटायचे. अलिबागच्या बाजारातून त्यांनी तेलाचा एक डबाही आणून ठेवला होता. दर खंडेनवमीला सेकंड साबना झेंडूचा हार पडायचा, त्यांच्यापुढे ठेवलेल्या पान्याला हळदकुंकू लागायचं, मग काका तो पाना उचलायचे आणि काकू म्हणायच्या, "उघडू नये म्हनून लिवलंय त्यावर." पाना खाली जायचा. असं चार-पाच वर्षं चाललं. तोवर शेगडीचं काम म्हणजे थंडीत दर रविवारी अर्धा तास चालू करून बंद करणं, एवढंच.

आणि मग एका पौषात त्यांच्या सुनेला दिवस भरायच्या दीड महिना आधी मुलगी झाली. मुलगा जहाजावर, कुठल्यातरी समुद्रात. इस्पितळाने काही आठवड्यांनी बाळ घरी सोडलं तेव्हा ते दोन किलोचंही नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं, आईने बाळाला छातीशी धरून ठेवायचं, खोली उबदार राहिली पाहिजे आणि धूर अजिबात नको. काकू हे ऐकून खचल्याच. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी. धुराशिवाय ऊब कुठून आणायची? काका उठले आणि सेकंड साबना चाकांवरून ढकलत बाळंतिणीच्या खोलीत घेऊन गेले.

त्यानंतर त्या घराचं जहाज झालं. मीटरपासून वेगळी जाड वायर आली. सेकंड साब चालू असताना मिक्सर आणि पंप बंद, म्हणून काकू खोबरं पाट्यावर वाटू लागल्या. पात्यांवर दुपटं वाळत घालायला निघालेल्या शेजारणीला असा दम मिळाला की ती आठवडाभर आली नाही. चार-चार तासांच्या पाळ्या लागल्या. मी कोर्टातला कारकून, तिथे रजा टाकली, मला दुपारी बारा ते चार मिळाली. पाळीवर काय करायचं? दर पंधरा मिनिटांनी भिंतीला हात लावायचा, बाळाची पावलं बघायची आणि ओटीवर येऊन सांगायचं, "बरोबर." मी वकिलांसमोर कधी इतका गंभीर नसतो.

पाचव्या दिवशी माझ्या पाळीतच वीज गेली. बाहेर दोन दिवस बोचरा उत्तरेचा वारा सुटलेला. सून रडू लागली. काकांनी पात्यांना हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तेल तापलंय. पाऊन तास दम धरील." दारं-खिडक्या लावून आम्ही बसलो. ऊब हळूहळू उतरत होती, पण होती. चाळीसेक मिनिटांनी वीज आली आणि सेकंड साबच्या पोटातून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला. पत्रा तापताना करतो तसाच असेल, मला काय कळतं! पण काकांचा चेहरा पांढरा झाला. "तेल गेलं," ते म्हणाले. "बोललो व्हतो मी." आणि त्यांनी खुंटीवरचा पाना घेतला.

पेटी उघडली असती तर ती पुन्हा बंद होण्यातली नव्हती, आणि गावात दुसरी नव्हती. हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. एक हात पेटीवर, एका हातात पाना, असे ते उभे राहिले. तीस वर्षं त्यांना एका बाजूने ओढत होती आणि दुसऱ्या बाजूला सुनेच्या पदराआड एक मूठभर डोकं होतं. आवाज चालूच होता. शेवटी त्यांनी पाना माझ्या हातात कोंबला. "जावय, हा अलिबागला घिऊन जा. हितं ऱ्हायला तर मी उघडीन." एवढं बोलून ते ओटीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला आणि खोली तापत गेली. मी मोठी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण त्या दुपारी मला खरोखर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ती मुलगी आता दुसरीत आहे आणि नाकावर राग घेऊन फिरते. परवा मी गेलो तेव्हा काका सेकंड साबशेजारी शाल घेऊन बसले होते. त्यांनाच आता थंडी वाजते. पाना मी बरोबर नेला होता, म्हटलं म्हाताऱ्याची हौस होऊन जाऊ दे. त्यांनी तो ओळखला, पण घेतला नाही. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. अजून पयलंच तेल हाय त्याच्यात," ते अभिमानाने म्हणाले. मग सवयीने माझं मनगट धरून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. काकूंनी मला हळूच सांगितलं, साखरेच्या आजाराने त्यांचे हात बधिर झालेत, गरम-गार काही कळत नाही. त्यांनी डोळे उघडले आणि नातीला हाक मारली, "बघ गं, जावयाला कणकण हाय का."

पोरीने खेळ टाकला, माझ्या मनगटावर आपला हात ठेवला आणि डोळे मिटले.

"न्हाय, आजा," ती म्हणाली. "बरोबर हाय."