बेडकीचे पट्टे

वृंदा गोगटेला कोणी "जप हं" म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या सुरुवातीला, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातला झाडून सगळा मराठी माणूस तिला तेच म्हणत होता. सुपरमार्केटात कांद्याबटाट्यांशेजारी, सायकलच्या वाटेवर, फोनवर. बायका तर आवाज खाली करून म्हणायच्या, जसं काही तिचा डावा स्तन काढून टाकलाय ही बातमी तिच्यापासूनच लपवायची होती. घरी डबे यायचे. मऊ भात, दुधीची भाजी, बिनतिखटाचं वरण. मराठी मंडळाच्या अध्यक्षा उल्काताई या डबामोहिमेच्याही अध्यक्षा होत्या. वृंदाने एकदा त्यांना सरळ विचारलं, "उल्काताई, ऑपरेशन छातीचं झालंय ना? मग ठेचा का बंद?" उल्काताई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढच्या डब्यात खिमट आलं.

वृंदा काही अशी खिमटावर जगणारी बाई नव्हती. पुण्याहून इथल्या विद्यापीठात संशोधनाला आली तेव्हा विभागात ती एकटीच भारतीय मुलगी होती. बर्फात सायकलवरून पडली, उठली, पुन्हा पडली, आणि त्याच हिवाळ्यात दोन्ही हात सोडून सायकल चालवायला शिकली. पुढे चिप बनवणारी यंत्रं जिथे तयार होतात त्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायला लागली. लग्न केलं ते दामोदरशी. दामोदर विमा कंपनीत जोखमीची गणितं मांडायचा आणि घरीही तेच करायचा. शिडीवर कोणी चढलं की खाली उभा राहायचा. वैदेही, त्यांची मुलगी, आता ग्रोनिंगेनला शिकत होती. तिला लहानपणी त्याने सायकलच्या हेल्मेटशिवाय अंगणातही खेळू दिलं नव्हतं. इथल्या डच आया त्या हेल्मेटकडे पाहून हसायच्या.

अशा माणसाच्या बायकोने उघड्या टपाची, दोनच सीटची, तीस वर्षं जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरी आणली, तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. हिरवीगार, बसकी, पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. वृंदाने तिचं नाव बेडकी ठेवलं. दामोदर त्या गाडीत एकदाही बसला नाही. "हिला एअरबॅग नाही, डोकं टेकायला काही नाही, आणि छप्पर म्हणजे कापड," एवढं बोलून तो आपल्या मोठ्या, चौकोनी, सुरक्षित गाडीकडे वळायचा. वृंदा मात्र दर रविवारी कालव्याकाठच्या रस्त्यांवर बेडकी पळवायची, केस विस्कटून परत यायची आणि सोमवारी माणसात असायची.

मग आजार आला. शस्त्रक्रिया, औषधं, केस गेले. बेडकी गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहिली. त्या दिवसांत एका दुपारी दामोदर तिच्या पलंगाशी बसला आणि म्हणाला, "उइटहॉर्नचा एकजण गाडी मागतोय. देऊन टाकू या?" त्या दिवशी वृंदाला मान उचलायची ताकद नव्हती. भांडायची तर नव्हतीच. तरी ती म्हणाली, "पाडव्याला ती रस्त्यावर आली तर राहील. नाही आली तर दे." शब्द दिला म्हणजे दिला. दामोदरने तो लगेच उचलून त्या माणसाला कळवलाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी न्यायला येणार होता.

रस्त्यावर यायचं म्हणजे आधी वार्षिक तपासणीत पास व्हायचं. इथे तपासणीचा शिक्का नसला तर तपासणीला नेण्यापलीकडे गाडी रस्त्यावर काढता येत नाही. मार्चमध्ये अंगात जरा त्राण आलं तशी वृंदाने चादर ओढून काढली. इंजिन खोकलं आणि चालू झालं. ती आनंदाने आत बसली, दार लावलं, पट्टा ओढला.

जुना पट्टा. आपोआप गुंडाळला जाणारा नव्हे. अंगाच्या मापाने घट्ट करायचा आणि तसाच ठेवायचा. उन्हाने त्याचा काळा रंग तपकिरी झाला होता आणि कडा विसकटून राठ झाल्या होत्या. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. तो नेमका व्रणावर बसला. वृंदा कळवळून बाहेर आली आणि गॅरेजमध्ये उभी राहून रडली. दुखलं म्हणून नव्हे, संतापाने. डॉक्टरांनी कापलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या स्वतःच्या बेडकीनेही तिला "जप हं" म्हटलं होतं.

फाटलं की शिवायचं, टोचलं की खाली काहीतरी मऊ घालायचं, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं. वीस वर्षं युरोपात काढली तरी वृंदाच्या कपाटात फाटक्या चादरींच्या पिशव्या होत्या, आणि तळाशी वैदेहीची दुपटी. त्यातलं सर्वांत मऊ, पिवळ्या ठिपक्यांचं दुपटं तिने काढलं, उभं कापलं आणि पट्ट्यावर दुमडून गोधडीसारखे बारीक टाके घातले. सुई पट्ट्यातून आरपार जायला जोर लागत होता. तिने अंगठ्याला बोळा बांधला आणि शिवत राहिली. विसकटलेल्या कडाही तिने दोऱ्याने आवळून घेतल्या. काम इतकं देखणं झालं की तिने फोटो काढून वैदेहीला पाठवला. वैदेहीचं इंग्रजीत उत्तर आलं, "आई, that's my blanket!"

तपासणी करणाऱ्या मार्टेनने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, गाडीखाली जाऊन गंज ठोकून पाहिला. सगळं ठीक होतं. मग तो पट्ट्याकडे वळला. दुपट्यावरून बोट फिरवून त्याने टाके पाहिले.

"हे कोणी केलं?"

"मी."

"सुंदर आहे," तो म्हणाला. "आणि नापास आहे."

वृंदा वाद घालायला तोंड उघडणारच होती. पण पट्टा उलटा करताच तिचं तिलाच दिसलं. प्रत्येक टाक्यापाशी सुईने विणीतले धागे तोडले होते. तिने प्रेमाने त्या पट्ट्याला शेकडो भोकं पाडली होती. ऐनवेळी गाडी आदळली असती तर तो पट्टा टपालाच्या तिकिटासारखा फाटला असता. इतकी वर्षं यंत्रांत काढलेल्या बाईला हे कळू नये! तिचे कान लाल झाले.

"माझा एक स्तन काढलाय. पट्टा त्यावर घासतो," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत हे वाक्य तिने प्रथमच मोठ्याने म्हटलं होतं.

मार्टेनने तोंड पाडलं नाही, आवाज खाली केला नाही, कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही. "पट्ट्याला सुई लावायची नाही," तो म्हणाला. "वरून काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. नवे पट्टे लावून आणा." वृंदाला त्याला मिठी मारावीशी वाटली.

घरी तिने दामोदरला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्याचा भाव आला. त्याने तो लगेच लपवला, पण वृंदाने पाहिला होता.

"मग काय, ठरल्याप्रमाणे..." तो म्हणाला.

"ठरल्याप्रमाणे पाडव्यापर्यंत. पाडवा गेलाय का? नाही ना? मग त्या माणसाला फोन करू नकोस."

जुन्या गाड्यांच्या क्लबात विचारून तिने इंग्लंडहून नवे पट्टे मागवले. त्याच घाटाचे, मापाने घट्ट करायचे, पण नवे आणि तपासणीला चालणारे. ते येईपर्यंत तिने जुन्या पट्ट्यावरचे टाके उसवून दुपटं सोडवलं. त्याची एक लांबट पिशवी शिवली, पट्ट्याभोवती गुंडाळून टिचबटणांनी बंद करायची. हवी तेव्हा घाला, हवी तेव्हा काढा. पट्ट्याला सुई कुठेच लागत नव्हती.

पट्टे आले, आणि मग अडला तो बोल्ट. दर पट्ट्याला तीन बोल्ट असतात. बाकीचे निघाले, पण चालकाच्या दाराशी, खालच्या अंगाला असलेला एक असा गंजला होता की जन्माला आल्यापासून तो तिथेच उगवला होता म्हणावं. तेल सोडून झालं, ठोकून झालं. डाव्या हाताला जोर द्यायची मनाई होती. काखेतल्या गाठी काढल्यापासून तो हात भिंतीवर बोटांनी चढायचे व्यायाम करण्यापुरताच उरला होता. वृंदा गॅरेजच्या फरशीवर बसून उजव्या हाताने पाना ओढत होती आणि बोल्ट ढिम्म हलत नव्हता.

दामोदर दारात येऊन उभा राहिला. "ऊठ. दे इकडे, मी करतो."

"हात लावून बघ!"

"वृंदा, हाताला सूज आली तर? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डावा हात खिशात आहे. बघ, आहे की नाही? मग बोलू नकोस." तिचा आवाज फाटला. "सगळ्यांनी मिळून मला गादीवर ठेवलंय. चमच्याने भरवताय. मी मेले नाहीये, दामोदर! मला अजून राग येतो, भूक लागते, आणि मला ही गाडी चालवायचीय."

दामोदर पालथ्या बादलीवर बसला. मग म्हणाला, "मला भीती वाटते."

"गाडीची?"

"गाडीची नाही. गाडीचं निमित्त. तू बाजारात गेलीस तरी वाटते. झोपलीस की श्वास चालू आहे का बघतो." तो हे फरशीकडे बघून बोलत होता. "माझं सगळं आयुष्य जोखमी मोजण्यात गेलं, आणि ही काही मोजता आली नाही."

वृंदाचा हात थांबला. तिला त्याच्या जवळ जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की आता पाना सोडला तर पुन्हा धरणं होणार नाही. "मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "रोज वाटते. पण म्हणून मी चादरीखाली पडून राहणार नाही. टॉर्च धर."

त्याने टॉर्च धरला. वृंदाने पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, गॅरेजच्या भिंतीला पाठ लावली, आणि हाताने नव्हे, उजव्या पायाने, सगळ्या अंगाचा भार देऊन पाइप रेटला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा तिने एक अस्सल पुणेरी शिवी हासडली, दामोदरने दचकून टॉर्च हलवला, आणि बोल्ट किंचाळून सुटला. वृंदा फरशीवर आडवी होऊन हसत राहिली. गंजाने तिचं कपाळ माखलं होतं.

मार्टेनने नवे पट्टे दोन्ही हातांनी हिसके देऊन पाहिले, बोल्ट तपासले, आणि शिक्का मारला. बाहेर पडताना त्याने पिवळ्या ठिपक्यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला.

पाडव्याच्या सकाळी मागच्या अंगणात गुढी उभी राहिली. तांब्याखाली खण होता, आणि फुलांच्या माळेत झेंडू नव्हता म्हणून पिवळे डॅफोडिल. बेडकीच्या बॉनेटवर दामोदरनेच हळदकुंकू वाहिलं, हे मान्य केलं पाहिजे. मंडळाचा कार्यक्रम आम्स्टलफेनला होता. उल्काताईंचा सकाळीच फोन येऊन गेला होता, "वृंदा, तू मागच्या सीटवर आडवी होऊन ये हं, प्रवास सोसवेल तेवढाच कर." वृंदाने त्यांना फक्त ठेचा करून ठेवायला सांगितलं होतं.

तिने बेडकीचं छप्पर मागे टाकलं. तुरळक उगवलेल्या केसांवर रुमाल बांधला नाही. दामोदर आपल्या मोठ्या गाडीची किल्ली घेऊन उभा होता. "तू हो पुढे. मी मागून येतो. हळूहळू."

"रुग्णवाहिकेसारखा?"

वृंदाने वाकून पलीकडचं दार उघडलं. "बस."

दामोदरने गुढीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली आणि गुडघे छातीशी घेत, आयुष्यात पहिल्यांदा, बेडकीत बसला. नवा पट्टा त्याने गळ्यापाशी ओढून घेतला; कुठे घट्ट करायचा, कुठे सोडायचा, त्याला उमगेना. मग त्याने दाराची कड घट्ट धरली. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

वृंदाने स्वतःचा पट्टा लावला. तो डाव्या खांद्यावरून उतरून व्रणावर बसला, आणि तिने तो आणखी एक घर घट्ट केला. मग त्यावरच्या पिशवीची टिचबटणं एकेक करून उघडली.

"अगं, ते कशाला काढतेस? तुला टोचेल," दामोदर म्हणाला.

तिने त्याचा पट्टा मापाने बसवून दिला. मग पिवळ्या ठिपक्यांचं ते दुपटं त्याच्या छातीवरच्या पट्ट्याभोवती गुंडाळून बटणं लावली, आणि वरून एकदा तळवा फिरवला.

"तुलाच जास्त लागलंय," ती म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली.