दोष दाखवणारा कॅमेरा

गल्लीत तिला सगळे रफूकाकू म्हणत. जळालेला, कुरतडलेला, खिळ्यात अडकून फाटलेला कपडा तिच्या हाती पडला, की तो नेमका कुठे फाटला होता हे मालकालाही सापडत नसे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढायचे, देवाचं नाव घेऊन सुई ओवायची आणि एकाआड एक धागा उचलत भोक भरत जायचं. "दिसला तो रफू कसला!" असं ती म्हणायची. बोलायला फटकळ. नवरा गेल्यावर याच सुईवर तिनं लेकीला कॉलेजपर्यंत आणलं होतं.

लेक झाडांच्या रोगांचा अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी सरांची चाचणी होती. रोगट पानांचे जवळून फोटो काढायचे. ज्यांचे चांगले येतील, त्यांनाच पाहणीच्या तुकडीत घेणार. तुकडीत नाव लागलं तर पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी. मोबाइलला तिथे बंदी. ज्यानं त्यानं आपापला छोटा कॅमेरा आणायचा.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, माझं प्रॅक्टिकल लांबलंय. तूच जा ना दुकानात. शेवटचे दोनच उरलेत म्हणे."

"अगं, मला त्यातलं काय कळतंय? उद्या बोंब मारत येशील."

"तुझ्याइतकी बारीक नजर कुणाची आहे? जवळून फोटो नीट येतो का, तेवढं बघ."

ती गेली. हल्ली हे छोटे कॅमेरे घेतंय कोण, म्हणून दुकानदार ते ठेवणंच बंद करत होता. त्यानं काउंटरवर दोन मांडले, एक काळा, एक चंदेरी.

"दोन्ही चालू आहेत, काकू. हातात घेऊन बघा. पण विकलेला माल परत घेत नाही, आधीच सांगतो."

तिनं पिशवीतून गिऱ्हाइकाचा कोट काढला. कोपरावर ताजा रफू होता. याहून बारीक काम जगात कुठलं? दुकानदारानं तिला बटणं दाखवली. तिनं आधी काळ्यानं जवळून फोटो घेतला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला. धागा न् धागा वेगळा दिसत होता, आणि मधोमध एक धागा चक्क तिरपा! तिच्या हातचा, तिरपा! मग तिनं चंदेरीनं फोटो घेतला. कोपर कसं गुळगुळीत, जणू कधी फाटलंच नव्हतं.

"हा द्या," ती चंदेरीवर बोट ठेवून म्हणाली.

"नक्की? यात चेहरे छान येतात, पण..."

"भाऊ, चांगलं काम कशाला म्हणतात ते मला कळतं. तो काळा नुसत्या खोड्या काढतो."

संध्याकाळी लेक घरी आली. दारातल्या कुंडीतलं डाग पडलेलं पान तिनं धरलं आणि फोटो काढला. पुन्हा काढला. मग एकेक बटण दाबून पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं गं?"

"आई, यात पान निरोगी दिसतंय."

"मग चांगलंच की!"

"चांगलं काय? मला रोगच दाखवायचाय! डाग दिसला नाही तर सर काय बघणार?"

रफूकाकूनं पडद्यावरचं गुळगुळीत पान पाहिलं. दोष लपला की काम चांगलं, असं ती जन्मभर मानत आली होती. त्याच मापानं ती लेकीचा कॅमेरा मोजून आली होती. लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चल, चप्पल घाल," आई म्हणाली. "दुकान अजून उघडं असेल."

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. आत एक गृहस्थ काळा कॅमेरा हातात घेऊन उभे होते. शेजारी त्यांची बायको. लेकीनं आईचा दंड घट्ट धरला.

"भाऊ, हा बदलून द्या. माझी चूक झाली."

"काकू, मी सांगत होतो तर तुम्ही ऐकलं का? आणि तो काळा तर हे घेताहेत."

"घेताहेत म्हणजे घेतला नाही ना अजून?"

गृहस्थ हसले. "बाई, आम्ही आधी आलो."

मनातल्या मनात तिनं देवाला हाक मारली, पण मागायचं काय? दुसऱ्याच्या हातातली वस्तू? तेवढ्यात गृहस्थांनी बायकोचा फोटो काढला आणि पडदा तिच्यापुढे धरला.

"अगंबाई!" बाई किंचाळल्याच. "ही मी? वर्षभर फ्रिजमध्ये पडलेलं सफरचंद दिसतंय!"

"अगं, आहे तसं दाखवतो."

"आहे ते मला आरशात दिसतं. त्यासाठी पैसे कशाला?"

रफूकाकूनं चंदेरी पुढे केला, पण लगेच मागेही घेतला. "वहिनी, आधीच सांगते. यात बारीक काही दिसत नाही. नंतर म्हणाल, फसवलं."

"तेच हवंय हो मला! काढा बघू."

फोटो निघाला. बाई बराच वेळ तो बघत राहिल्या. गृहस्थ काळा कॅमेरा खाली ठेवतात की नाही, याकडे मायलेकी डोळ्यांत जीव आणून पाहत होत्या. "बघा हो, आपल्या लग्नातल्यासारखी दिसतेय," असं बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे गृहस्थांनी तो खाली ठेवला.

"या वयात मला दुकानदारी शिकवता तुम्ही लोक," दुकानदार कुरकुरला आणि खोकी बदलू लागला.

सकाळी लेक गेली. रफूकाकू कामाला बसली, पण सुईत दोरा जाईना. उन्हं कलली तरी फोन नाही. पाच वेळा उठून ती पाणी प्यायली. अखेर फोन वाजला.

"आई, माझं नाव घेतलं."

तिला हुंदका आवरावा लागला. तो लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "बरं बरं. जेवलीस का काही?"