खणात राहिलेलं उत्तर

माझा स्वभाव मुळातच संशयी. सांगलीला विश्रामबागेत होतो तेव्हा दूधवाला, शेजारी, सख्खा मेहुणा, कुणीच त्यातून सुटलं नाही. १९७० साली कडेगावजवळच्या एका गावात पोस्टमास्तर म्हणून बदली झाली आणि पहिल्याच महिन्यात माझी नजर लालासाहेबावर गेली.

चाळिशीचा माणूस, फौजेतून मुदतीआधी घरी आलेला. घरटी एक जवान असलेल्या त्या गावात त्याला कुणी धड रामरामही घालत नव्हतं. कारण विचारलं की लोक विषय बदलायचे. शिवाय हा दर महिन्याला एक जाडजूड पाकीट घेऊन खिडकीशी हजर. पत्ता अहमदाबादच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा! ऊस लावणाऱ्या माणसाचं तिथं काय काम? विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचा नाही.

"काय न्हाई मास्तर, जरा हवंचं हाय," एवढंच म्हणायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले आणि जो तो हेर शोधू लागला. मला शोधावा लागला नाही. त्याच आठवड्यात अहमदाबादहून लालासाहेबाच्या नावे उत्तर आलं. मी ते चहाच्या वाफेवर धरलं आणि घाईत फाडलं. हा गुन्हा आहे हे गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आत टाइप केलेलं इंग्रजी पत्र. तारखा, वेळा, सिग्नल, 'आपण पाठवलेली माहिती'. माझी खात्रीच पटली. फौजदाराला दाखवू म्हणून ते खणात टाकलं. लढाई पंधरवड्यात संपली. आता फाटलेलं पाकीट कुणाला दाखवणार? ते खणातच राहिलं.

लालासाहेब दर आठवड्याला यायचा. "मास्तर, माझं काय आलंय का?"

मी मान वर न करता सांगायचो, "नाही."

जानेवारीअखेर त्याचे वडील, जुने सुभेदार नाथाजी, वारले. मी रीत म्हणून जाऊन बसून आलो. संशय काही गेला नाही.

मार्चात एका संध्याकाळी, याला रंगेहाथ धरायचंच, असं ठरवून मी त्याच्या सोप्यात शिरलो. रेडिओवर कोलंबोचं स्टेशन लागलं होतं. मांडीवर वही, समोर घड्याळ.

"काय लिहितोस रे?" मी दरडावलं.

"बसा मास्तर. दिवस बुडलाय, आता ऐका."

साडेसातच्या सुमारास गाणाऱ्या बाईचा आवाज थरथरू लागला. बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला.

"रेडिओचा दोष न्हाई," तो म्हणाला. "लांबचा आवाज पार वरच्या हवंला आपटून खाली येतो. दिवस बुडला की कवाकवा त्या हवंत गुळाच्या काहिलीतल्या रसागत उकळ्या फुटत्यात. मग आवाजबी फाटतो. कवा फाटतो ते मी लिवून ठेवतो."

"पण कशासाठी?"

त्यानं घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली. बोलली ती त्याची बायको, रंगूबाई. फौजेत असताना अंदमानात हा वायरलेसवर होता. एका संध्याकाळी भरकटलेल्या बोटीनं आपला ठावठिकाणा सांगितला. आवाज असाच फाटला आणि याच्या हातून ठिकाणाचा आकडा चुकीचा लिहिला गेला. बोट तीन दिवसांनी सापडली, दोन माणसं गमावून. ड्यूटीवर झोपला असा ठपका ठेवून याला घरी धाडलं.

"आवं मास्तर, मामंजी धा वर्सं ह्यांच्याशी बोललं न्हाईत," ती म्हणाली. "म्हनायचं, कुना शिकल्याल्या मानसाचा कागद आन, मग बोलतो. म्हनून दर म्हैन्याला ह्या वहीतलं आन त्या सांजचं समदं लिवून अहमदाबादला इचारलं. उत्तरच आलं न्हाई."

भिंतीशी नाथाजींची बाज उभी करून ठेवलेली होती. पत्रातली एक ओळ मला पाठ होती, तिचा अर्थ आत्ता लागत होता: त्या संध्याकाळी तिकडे वरच्या हवेत असाच गोंधळ नोंदलेला आहे, ऐकणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही.

मी पोस्टात गेलो, खण उघडला, पाकीट घेऊन परत आलो.

"हे डिसेंबरात आलं होतं," मी म्हणालो. "मी दाबून ठेवलं. माझ्या हातून फार वाईट झालं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वायरलेसवरचा माणूस, त्यानं आधी शिक्क्यावरची तारीख पाहिली. मग पत्र वाचलं, सावकाश, दोनदा. रंगूबाईनं तोंडाला पदर लावला. त्यानं वही ओढली आणि लिहिलं: 'मिळालं, १४ मार्च. उशीर, तीन महिने.' शेवटचा रकाना कारणाचा होता. पानभर त्या रकान्यात एकच शब्द होता, 'हवा'. तिथं त्याची पेन्सिल थांबली.

"मास्तर," त्यानं विचारलं, "हितं काय लिवू?"

"पोस्टमास्तर," मी म्हणालो.

त्यानं तसंच लिहिलं आणि रेडिओ बंद केला.