एल्सपाच्या गोठ्यावरचा पंख

आमच्या क्रावनेस गावात कुणाला कशाची खात्री द्यायची असली तर म्हणत, "एल्सपानं सांगितलंय." मग पुढं वाद नसे. वारा कुठनं फिरणार, हरवलेली मेंढी कुठल्या कड्यावर अडकली असणार, कुणाची सून कधी बाळंत होणार, हे ती नुसतं बघायची आणि बोलून टाकायची. चुकायची नाही असं नाही. चुकायची की! पण चुकल्यावरही तोच आवाज, "चुकलं. आता असं करा."

बाई अंगानं आडवी, चालणं गलबतासारखं. नवरा आइसलंडच्या बाजूला मासेमारीला गेला तो बोटीसकट तळाला गेला. पोरबाळ नव्हतं. पाद्री समजूत घालायला आला तर तिनं त्याच्या हातात फावडं दिलं आणि बटाट्याची एक सरी खणून घेतली. म्हणाली, "बोलत बोलत खणा, मी ऐकतीया." तिला उरली एक गाय, फ्लेक्का. खालच्या आळीतल्या निम्म्या पोरांच्या पोटात त्याच गाईचं दूध जायचं, माझ्या थोरल्याच्यासुद्धा. माझं घर तिच्या घराला लागूनच. मध्ये एक बोळ, एवढंच.

लढाई चालू होती. आमच्या फेरो बेटांवर इंग्रज येऊन बसले होते आणि समुद्रापलीकडं नॉर्वेत जर्मन. एके दिवशी, मेंढ्या कापायच्या हंगामात, असं धुकं उतरलं की हातातली बादली दिसेना. मी घरात लोकर पिंजत होते. डोंगराकडनं घरघर आली, वाढली, छपरावरनं गेली. मग कडाड्! आणि नंतर असा आवाज, की कुणी डोंगराचं कातडंच सोलतंय.

बाहेर आले तर बोळातनं एल्सपाचा गोठा दिसायचा तो भिंतींपुरताच उरलेला. छप्पर नाही. वासे, भूर्जाची साल, तिच्यावरची हिरवळीची ढेपं, सगळं विमानानं जाता जाता खरवडून नेलेलं. विमान पुढं दलदलीत पोटावर घसरत गेलं होतं आणि त्याचा एक पंख मोडून एल्सपाच्याच वावरात पडला होता.

एल्सपा डोंगरावरनं पीट, म्हणजे चुलीत जाळायची वाळलेली माती, घेऊन परत येत होती. पाठीवरची टोपली तिनं तिथंच टाकली.

"गाय जिती हाय का?"

"आगं काकू, मानसं पडल्याती तिकडं!"

"मानसांकडं निघालेच हाय. तू गाय सांग."

"जिती हाय. हंबरतीया."

"बरं." एवढं म्हणून तिनं स्वतःच्या घराचं दार बिजागरीतनं उपटलं, खांद्यावर घेतलं आणि दलदलीत शिरली. मागनं लोक म्हणाले, बाईला काळीज नाही, आधी गाईची चौकशी केली. म्हणणारे कमरेएवढ्या चिखलाच्या अलीकडं उभे होते. विमानात शिरून कॉलरला धरून माणसं बाहेर काढली ती एल्सपानं. चौघं इंग्रज होते. तिघं जिते, एक गेलेला. दारांवर घालून आम्ही त्यांना गावात आणलं. दुसऱ्या दिवशी समुद्र जरा निवला तेव्हा बोटीनं तोर्सहाऊनला, थोरल्या गावाला, पाठवलं. गेलेल्यालाही त्यांच्याबरोबरच दिलं.

इथवर सगळं रीतीनं झालं. मग गावानं घोळ घातला.

आमच्याकडं काळ्या देवमाशांचा कळप खाडीत लागला की सगळा गाव मिळून तो किनाऱ्याला घालतो. मग प्रत्येक माशाच्या कातड्यावर आकडा कोरायचा आणि घरटी वाटणी करायची. वाटणीच्या आधी नुकसान वेगळं काढायचं, त्यावर वेगळी खूण. कुणाची बोट फुटली, कुणाचं वल्हं गेलं, त्याचं त्याला आधी. आजोबा-पणज्यांपासनं हे असंच. आमच्या गावात आकडे कोरायचं काम हानुसकडं. हानुसनं दलदलीत पडलेलं ते लांबलचक, काळपट, ओलं धूड बघितलं आणि त्याचा हात आपोआप सुरीकडं गेला. संध्याकाळच्या आत सगळ्या विमानावर आकडे!

एल्सपा त्याला म्हणाली, "हानुस, माशाला मालक नसतो. ह्याला हाय."

"लडाईत कुनाचं काय असतंय, एल्सपे? खाडीत आलं ते गावाचं."

"खाडीत न्हाई आलं, माज्या छपरावर आलं. माजं नुकसान तेवडं बाजूला काढ आन् बाकीला हात लावू नगंस. पस्तावशील."

"तू आपला पंख घे की. तुला कोन न्हाई म्हनतंय?"

पंख ती घेणारच होती, कारण तिला दुसरा इलाजच नव्हता. आमच्या छपराला हिरवळीखाली भूर्जाची साल लागते, नाहीतर पाणी थेट आत. ती साल यायची नॉर्वेहून आणि नॉर्वेत जर्मन बसलेले. पत्रा तर लढाईनं गिळलाच होता. पुढं सगळा हिवाळा, गाय गाभण, आणि आमच्याकडचा पाऊस वरनं कमी, आडवाच जास्त येतो. उघड्या गोठ्यात जनावर नाताळ बघत नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात घालावं तर कुणाच्याच गोठ्यात शेपटी हलवायला जागा नव्हती.

मग देवमासे ओढायचे दोर लावून, खाली ओंडके घालून, आम्ही बायाबापड्यांनी तो पंख गोठ्यावर चढवला. हिरवळीची ढेपं वर ठेवली तर गुळगुळीत पत्र्यावरनं एकेक करून घसरून खाली आली. शेवटी दोरांना धोंडे बांधून पंख तसाच उघडा ठेवला. पहिल्या गारा पडल्या तेव्हा आत असा ताशा वाजला की फ्लेक्कानं दूधच चोरलं. "शिकंल," एल्सपा म्हणाली.

आठवड्यानं बोट आली. बोटीतनं एक इंग्रज अधिकारी उतरला, पाच-सहा शिपाई घेऊन. निसरड्या खडकावर उडी मारताना गुडघ्यापर्यंत भिजला, त्यामुळं आधीच चिडलेला. दलदलीत जाऊन बघतो तर विमानाचा नुसता सांगाडा, आणि जे उरलंय त्यावर आकडे कोरलेले. आमच्यात इंग्रजी येणारा एक दानियल, स्कॉटलंडच्या बोटींवर काम केलेला. त्याला पुढं केलं.

अधिकाऱ्यानं आकड्यांवर बोट ठेवलं. हानुसनं छाती पुढं काढून वाटणीची रीत समजावली. दानियलला घाम फुटला. सगळं ऐकून अधिकारी काहीतरी म्हणाला.

"काय म्हनतोय?" हानुसनं विचारलं.

"इचारतोय, माज्या विमानाचं मटान केलं व्हय?"

दानियल पुढं म्हणाला, "समदं सरकारी हाय म्हनं. खिळासुदीक पायजे. न्हाईतर घरोघर झडती, आन् हानुसला बोटीत घालून न्येनार."

हानुसनं एल्सपाकडं बघितलं. त्याच्या पाठोपाठ सगळ्या गावानंच बघितलं.

"बरोबर हाय त्याचं," एल्सपा म्हणाली. "त्याला म्हनावं, चा पी तवर."

आणि ती घरोघर निघाली. हानुसच्या कोंबड्यांवर घातलेली काच उचलली. ढकलगाडीला लावलेलं चाक काढायला लावलं. आमच्या घरात आली तर माझा नवरा चुलीपुढं विमानाच्या खुर्चीत बसलेला.

"ऊठ रं."

"आगं काकू, पाठ दुकती म्हनून जरा..."

"पाठ तुजी हाय, खुर्ची न्हाई."

दुपार कलायच्या आत धक्क्यावर विमानाचा ढीग लागला. अधिकारी मऊ झाला नाही, पण ढीग मोजायला लागला. मग त्यानं विचारलं, पंख कुठाय?

एल्सपानं त्याला बोळातनं गोठ्यावर नेलं. गाव मागोमाग. अधिकाऱ्यानं मान वर करून बघितलं.

"ह्यो पन सरकारी हाय म्हनतोय," दानियल म्हणाला.

"हाय की. आन् गोठा माजा हाय. सरकारी इमानानं मोडला. ह्यो पंख म्हंजे वाटनी न्हाई, नुकसान हाय. आसंच सांग. साखर घालू नगंस."

दानियलनं सांगितलं. उत्तर आलं, "अर्ज कर म्हनतोय. लडाई संपली की भरपाई मिळंल."

"त्याला इचार, लडाई संपंपातूर गाय कुटं बांदू? अर्जाखाली?"

अधिकाऱ्यानं शिपायांना हात केला. दोघं भिंतीवर चढायला लागले. एल्सपा जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही.

"पंख काडा. तुमचाच हाय. पन काडलात तर गाय मला आजच कापाय लागंल, पोटातल्या वासरासकट. तवा कापंस्तवर थांबा आन् मटान बोटीत घालून न्या. नुकसान तुमी केलं, तर मालबी तुमचाच. मी ठिवून घ्यायची न्हाई." मग तिनं माझ्याकडं वळून म्हटलं, "आतनं सुरी आन गं. पातळ पात्याची."

मला वाटलं, नुसतं बोलणं आहे. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि सुरी आणायला गेले.

परत आले तर शिपाई भिंतीवर तसेच लटकलेले आणि अधिकारी माझ्या हातातल्या सुरीकडं बघतोय. आत फ्लेक्का रवंथ करत होती. शेवटी तो दानियलशी बोलला, हळू.

"त्याला पंखाचं टोक पायजे," दानियल म्हणाला. "त्यावर निशानी हाय, नंबर हाय. त्ये न्हेल्याबिगर इमानाचा हिशेब मिटत न्हाई त्याचा. शत्रूच्या हाती लागाय नगं."

"मग आसं आदीच सांगायचं न्हवं का!" एल्सपा म्हणाली. "हानुस, वर चढ. नुकसान किती त्ये मोज. माजी बाजू धरू नगंस."

हानुस चढला. हातानं मोजत या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेला. छपराचं भगदाड झाकून पंख भिंतीच्या बाहेर चांगला दोन वाव गेला होता, आणि निशाणी नेमकी त्या बाहेरच्या भागावर.

"जास्तीचं हाय, एल्सपे. भाईरचं समदं जास्तीचं हाय."

"मग त्ये माजं न्हवं. करवत दे."

अधिकारी काही बोलायच्या आत ती शिडीवर होती. पंखावर मांडी घालून बसली आणि कापायला लागली. पातळ पत्र्याचा तो आवाज दाताला झोंबत होता. एक शिपाई खालनं टोक धरून उभा राहिला, मग दुसरा. अधिकाऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, आणि एकच शब्द बोलला.

"काय म्हनतोय आता?" वरनं तिनं विचारलं.

"चालू दे म्हनतोय."

"चालूच हाय," एल्सपा म्हणाली.

टोक खाली आल्यावर अधिकाऱ्यानं हानुसला बोलावलं आणि गोठ्यावर उरलेल्या पंखाकडं बोट केलं. नुकसानीच्या माशावर जी खूण कोरता ती ह्यावरही कोर म्हणाला, म्हणजे पुढच्या खेपेला दुसरा कुणी आला तर विचारणार नाही. हानुसला बोटीत घालायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. का राहिलं आणि त्यानं सोडलं, कोण जाणे. बोट गेली तेव्हा लाटा वाढल्या होत्या आणि शिपाई धक्का सुटायच्या आधीच ओकत होते.

त्या हिवाळ्यात वाऱ्यानं गावातली निम्मी छपरं हलवली. पंख हलला नाही. माझा नवरा मात्र खुर्ची गेली म्हणून वसंतापर्यंत कण्हत होता.

फेब्रुवारीत एका सकाळी एल्सपानं बोळातनं हाक मारली, "ये गं, पाय धर." फ्लेक्का अडली होती. दोघींनी मिळून ओढलं. एल्सपानं एक पाय भिंतीला लावला होता आणि तोंडानं गाईला शिव्या देत होती. कालवड झाली. ओली, बांडी, डोळे उघडे. वर गारांचा मारा सुरू झाला, पंख दणाणून गेला. मी अंग चोरलं. कालवडीनं कानसुद्धा हलवला नाही.

"हिला भ्या न्हाई वाटत," मी म्हणाले.

"का वाटंल?" एल्सपा तिचं नाक पुसत म्हणाली. "पोटात होती तवापास्नं हेच ऐकतीया."