गिरमिटाची पूजा

माझ्या सासऱ्यांच्या मद्रासमधल्या वेलाचेरीच्या घरासमोर, जिथे शहाणी माणसं स्कूटर लावतात, तिथे वर्षभर एक होडी होती. चार जुन्या टायरांवर, कधी पालथी, कधी उताणी. गल्लीत कुणालाही तिचं नवल वाटलं नाही. पावसाळ्यात याच रस्त्यावरून होड्या जाताना सगळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे म्हाताऱ्याने दूरदृष्टी दाखवली असंच लोकांचं मत पडलं. समोरच्या मामींनी तर पहिल्याच आठवड्यात आपली जागा धरून ठेवली. "माप्ळे, पूर आला की आधी आमच्या दारात यायचं," त्या तमिळमधून म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात." गल्लीच्या जावयाला अशी कामं सांगायचा हक्क सगळ्यांनाच असतो.

होडी पुरासाठी नव्हती. ती कशासाठी होती हे अप्पांना आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

सासऱ्यांना मी अप्पा म्हणतो, कारण बायको म्हणायची. मी साताऱ्याचा. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मद्रासला आलो आणि इथल्या तंजावरी मराठी घरातली मुलगी करून बसलो. रविवारी आम्ही तिघं पाण्यावर जायचो. थंडीत पळवेर्काडुच्या सरोवरात रोहित पक्षी बघायला, एरवी मुट्टुकाडूच्या खाडीत. नाववाल्याशी घासाघीस करून ती पुढच्या फळीवर बसायची, वल्हं मी मारायचो आणि अप्पा मधल्या फळीवर टोपी सांभाळत बसायचे. "आपली स्वतःची होडी पाहिजे," असं ती प्रत्येक वेळी परतताना म्हणायची. मग ती आजारी पडली आणि काही महिन्यांत गेली.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. मुलगी गेल्यावर सासरा आणि जावई यांच्यात नेमकं काय उरतं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. दिवस-कार्य झाली, वर्षश्राद्ध झालं. मी अधूनमधून फोन करायचो. ते "जेवण झालं कां?" विचारायचे, मी "झालं" म्हणायचो, आणि फोन संपायचा. एग्मोरच्या रेल्वे कचेरीत आयुष्य काढलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांची मराठी इतकी जुनी, की मी काही बोललो की माझंच बोलणं मला उथळ वाटायचं.

आणि एक दिवस त्यांचाच फोन आला. "एन्नोराला होडी एक पाहिलों. जुनी अहे. आयतवारी येतां कां?"

होडी कसली, फायबरचं लांबट टोपलं होतं. तळाला काळं तेल, कडेला भेगा, आत कुणीतरी सिगारेटी विझवलेल्या. मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो, दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतो. मी दहा खोटी काढल्या. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरि. घेऊं या." होडी टेम्पोतून वेलाचेरीला आली.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. सकाळी मी पोचायचो, ते फिल्टर कॉफी करून ठेवायचे. जुना रंग खरवडायचा, भेगा मोकळ्या करायच्या, त्यात रेझिन आणि काचेचं कापड बसवायचं, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, लिंपायची, मग पॉलिश पेपर. पहिल्यांदा मी रेझिनमध्ये हार्डनर डब्यावर लिहिलं होतं तेवढं घातलं. लिहिणारा थंड देशातला असावा. मद्रासच्या एप्रिलमध्ये ते मिश्रण माझ्या हातातच धुरायला लागलं आणि ब्रशसकट दगड झालं. मी चिडून डबा भिरकावला. अप्पा हसले. ती गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मी कारखान्यातली अक्कल चालवली. गाडी तयार झाली की आम्ही तिच्यावर पाणी मारून गळती बघतो. होडीचं उलट करायचं ठरवलं. ती सरळ करून आत पाणी भरायचं आणि बाहेर कुठे थेंब येतो ते बघायचं. ऐन मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गल्लीत, आम्ही दोघं बादल्या भरभरून होडीत पाणी ओतत होतो. कुणी गच्चीवरून ओरडलं, कुणी तोंडात मारल्यासारखं बघत राहिलं. शेवटी मामी प्लास्टिकचं कुडम काखेला लावून आल्या आणि म्हणाल्या, तुमची परीक्षा संपली की ते पाणी आमच्या झाडांना. सगळी गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. त्या दिवशी अप्पांचा रुबाब विचारू नका.

थेंब एकाच जागी येत होता, मागच्या टोकाला, पाणी काढायच्या बुचाच्या जरा वर. मी ती जागा भरली. पुढच्या रविवारी पुन्हा थेंब. पुन्हा भरली. पुन्हा थेंब. मी रेझिन बदललं, कापड बदललं, दुकानदाराशी भांडलो. "होतं असं," अप्पा शांतपणे म्हणायचे. "पुढच्या आयतवारी पाहूं." त्यांना कसलीच घाई नव्हती.

मला घाई होती, कारण ऑगस्टमध्ये साहेबांनी विचारलं होतं की चाकणच्या कारखान्यात जागा होतेय, जातोस का? पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत सांग. साताऱ्याला आई आहे, भाऊ आहे. इथे रिकामा फ्लॅट आहे. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. फक्त होडी पूर्ण करून पाण्यात सोडायची, तिचं म्हणणं पुरं करायचं, आणि मग अप्पांना सांगून निघायचं, असं मी ठरवलं होतं. अर्धवट टाकून जायला मन होत नव्हतं. अप्पांनी होडी संपवायला घेतलीच नव्हती, हे मला आयुधपूजेला कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला विळी-कोयता पुजतात. इथे त्याचं प्रस्थ फार मोठं. रिक्षापासून लेथ मशिनपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, आणि पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. अप्पांनी होडीची सगळी हत्यारं देवासमोर पाटावर मांडली होती. पटाशी, कानस, ब्रश, पॉलिश पेपरचे तुकडेसुद्धा. आणि कडेला एक गिरमिट. लाकडी मुठीचं, हाताने फिरवायचं, छोटंसं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. होडीच्या कामात भोक पाडायची वेळच आली नव्हती. त्याच्याही मुठीवर कुंकवाचं बोट होतं, आणि टोकाच्या पिळांत गुलाबी भुकटी अडकली होती. माझ्या लांबीची भुकटी. तो गुलाबी रंग मीच शेवटच्या वेळी कालवला होता.

मी उभ्या जागी समजलो. दर आठवड्याला मी भोक बुजवत होतो आणि दर आठवड्याला ते पाडत होते. इतके महिने ते गिरमिट त्यांनी माझ्यापासून लपवलं. पण ज्या हत्याराने एवढं काम केलं त्याला पूजेच्या दिवशी फडताळात ठेवणं त्यांना जमलं नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ते हत्यार उचलून त्यांच्यासमोर धरावं असं वाटलं, पण पूजेतल्या हत्याराला हात कसा लावणार? आत अप्पा प्रसादाचं हरभऱ्याचं सुंदल परतत होते, मोहरीचा वास येत होता. रागाच्या भरात मी दारातूनच म्हणालो, "अप्पा, मी चाकणला चाललोय. बदली घेतोय. पोंगलनंतर."

त्यांचा झारा थांबला. मग परत चालू झाला. "सरि," ते म्हणाले. "आईजवळ राहणं बरं." त्यांनी मला सुंदलाची वाटी दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी भोक भरलं, आणि ते पुन्हा गळलं नाही. मी मुद्दाम दोनदा पाणी भरून पाहिलं. होडी बाहेरून ठणठणीत कोरडी होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण ती कोरडी जागा बघवेना. इथल्या दिवाळीच्या सुमाराच्या पावसाळ्यात गल्लीत पाणी आलं, पण गुडघ्याच्या वर गेलं नाही. मामींची निराशा झाली. अप्पा आता आठवड्यातही काम करत होते. मी गेलो की काहीतरी होऊन गेलेलं असायचं. रंगाचा एक हात, मग दुसरा. बुच नवं. वल्ह्यांना तेल. मुहूर्तही त्यांनीच काढला, तै या तमिळ महिन्यातली अमावास्या. मी आईला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच, अमावास्येला कुणी होडी सोडतं का! इथे अमावास्या शुभ कामाला चालते हे तिला पटेना. "पोंगल झालं कीं लगेच येते," अप्पा म्हणाले. "तुम्हांस जायला उशीर नको."

या माणसाने माझे रविवार तुटू नयेत म्हणून महिनोन् महिने स्वतःचंच काम बिघडवलं होतं, आणि जातो म्हटल्यावर एका शब्दाने अडवलं नव्हतं. माझा राग त्या वाक्यासरशी गेला. त्याच्या जागी जे आलं ते सोसायला रागापेक्षा जड होतं.

अमावास्येला सकाळी टेम्पोतून होडी मुट्टुकाडूच्या पुढे खाडीवर नेली. अप्पांनी पुढच्या टोकाला नाळेवर लिंबू कापलं, कापूर ओवाळला. दोन ओळखीच्या कोळ्यांनी होडी पाण्यात लोटली. अप्पा मधल्या फळीवर बसले, टोपी सांभाळत. मी वल्हं घेतलं. पुढची फळी मोकळी होती. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही.

पाणी संथ होतं. लांबवर पूल दिसत होता, त्यावरून बस जात होती. होडी सरळ चालत होती, ना डुगडुगली, ना कलली. गुणवत्ता तपासणीच्या भाषेत सांगायचं तर खोट शून्य.

"चांगली झाली," अप्पा शेवटी म्हणाले. "आतां काम कांही राहिलं नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. ते दुसरीकडे बघत होते.

मी वल्हं थांबवलं. खाली माझ्या पायाशी तळ स्वच्छ निळा, नुकता रंगवलेला, धुळीइतका कोरडा होता.

"अप्पा," मी म्हणालो, "मागून पाणी येतंय."

ते वळले. मागच्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकून त्यांनी बुचाच्या वरच्या जागी पालथा हात फिरवला, सावकाश, दोनदा.

"येतंय," ते म्हणाले. "बरंच येतंय. पुढच्या आयतवारी काढून पाहूं."

आणि तो कोरडा हात त्यांनी कमरेच्या वेष्टीला नीट पुसला.