जमुनाबाईची चाकावरची खोली

कार्तिक लागल्यावर तेल्हाऱ्यात जमुनाबाईला शोधण्यात अर्थ नसे. ती कोणत्या तरी जत्रेत असायची. मोठ्या कढईच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तिचा नवरा डोमाजी. ती बेसनाची जाड शेव पाडायची, तो गुळाचा पाक सांभाळायचा, आणि दोन्ही एकत्र झालं की त्याची गोडीशेव व्हायची. बत्तीस वर्षं हाच धंदा. कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांतही तो बऱ्यापैकी चालला, कारण माणूस जत्रेत बाकी काही घेवो न घेवो, घरच्या पोरांसाठी पावशेर गोडीशेव बांधून नेतोच. रात्री दोघं भट्टीमागे ताडपत्री ताणून भुईवर झोपायचे. डोमाजी कमी बोलायचा आणि जमुनाबाई त्याच्या वाटचंही बोलायची, त्यामुळे भांडणाला फारशी जागा नव्हती.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात डोमाजीची कंबर धरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडासमोर धरून पाहिला आणि सांगितलं की भुईवर झोपणं आता कायमचं बंद. खाली फळ्यांचा पलंग, वर कडक गादी. एक रात्र जरी ओलीत काढली तरी पुढचा महिना अंथरुणात जाईल. डोमाजीनं मान हलवली. बसमध्ये बसल्यावर तो एवढंच म्हणाला, की कौंडण्यपूरच्या जत्रेला यंदा तू आणि किशोर जा, मी घर पाहतो.

किशोर म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्याकडे एक जुनी जीप होती. आधी ती अकोट रस्त्यावर सवाऱ्या मारणारी काळीपिवळी होती आणि निळ्या रंगाखालून तिचा पिवळा अजून डोकावत होता. दरसाल जत्रेचं सामान त्याच जीपमधून जायचं.

जमुनाबाई अकोटपर्यंत गप्प बसली. ही गोष्टच इतकी नवलाची, की कंडक्टरनंही वळून पाहिलं. अकोट मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुमी नाई त मी नाई."

"मंग धंदा?"

"पलंग संग नेऊ."

डोमाजीला वाटलं बायको चिडून बोलते आहे. पण तिचं डोकं कामाला लागलं होतं. कौंडण्यपुरात जत्रेच्या दिवसांत धर्मशाळेची ओसरीसुद्धा मिळत नाही, आणि मिळाली तरी झोपायचं भुईवरच. पलंग उघड्यावर टाकावा तर वर्धा नदीकाठचं दव. म्हणजे पलंगाला खोली हवी. आणि जत्रा गावोगावच्या, म्हणून खोलीला चाकं हवीत.

अशी खोली तिनं पाहिलेली होती. रस्त्याची कामं करणाऱ्या कंत्राटदाराचे लोक चाकावरच्या डब्यात राहायचे. अकोल्यात एका कंत्राटदाराचा तसला डबा विकायला निघाल्याचं किशोर ऐकून आला, आणि भादव्यातल्या एका सकाळी जमुनाबाईनं इनायतुल्ला मिस्त्रीला जीपमध्ये घातलं.

इनायतुल्लाचं तेल्हाऱ्याच्या नाक्यावर वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण दोन वर्षांत एकही नवी ट्रॉली कोणी सांगितली नव्हती. खिडक्यांच्या जाळ्या आणि शाळेचे बाक जोडून तो कंटाळला होता. चाकाचं काम म्हटल्यावर तो चहाही न घेता निघाला.

डबा पाहून जमुनाबाई हरखली. आत पंखा, दोन खिडक्या, भिंतीत कपाट, आणि दाराला आतून कडी. ती आत जाऊन बसली आणि तिथूनच सांगितलं की हाच घ्यायचा. इनायतुल्ला मात्र आत गेलाच नाही. तो डब्याखाली शिरला, पत्र्यावर बोटांनी टकटक केली, स्प्रिंगची पानं मोजली आणि हात पुसत बाहेर आला.

"वयनी, डबा झकास हाय. पन याले ट्रॅक्टर पायजे."

"काहून? जीपमंदी जोर नाई का?"

"वढाचा जोर हाय. थांबाचा नाई. ह्या डब्याले सोताचा ब्रेक नाई. तुमची जीप चौदा क्विंटल, हा डबा रिकामाच अठरा. उतारावर किशोरनं ब्रेक दाबला त जीप थांबन, अन् डबा जीपले घेऊन पुढं जाईन. मंग कोन कोनाले वढून राहिलं ते नदीलेच मालूम."

मग त्यानं हिशेब समजावून सांगितला. ब्रेक नसलेली गाडी मागे लावायची तर ती सामानासकट जीपच्या निम्म्या वजनात बसली पाहिजे. म्हणजे सात क्विंटल. आधी ओढणारं जनावर पाहायचं, मग गाडी निवडायची. जमुनाबाई डब्यातून उतरली, पण उतरताना तिनं त्या पंख्याकडे असं पाहिलं की इनायतुल्लाला आपणच काही चोरल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, मी बनवून देतो.

त्यानं भंगारातून जनरेटर ओढायची दोनचाकी गाडी जमुनाबाईच्या अंगणात आणून टाकली. तिच्यावर सांगाडा उभा केला, पत्रा ठोकला, एक खिडकी आणि मागे दार काढलं. गाडीतून पुढे निघणारा लोखंडी दांडा जीपच्या मागच्या हुकात अडकणार, असा सगळा बेत. दिवाळी होता होता काम झालं. इनायतुल्लाच्या बायकोनं, रईसानं, खिडकीला फुलाफुलांचा पडदा शिवून दिला. गाव बघायला आलं. हे लग्नाचं आहे की दवाखान्याचं, असं एकानं विचारलं, तर जमुनाबाई म्हणाली, तुमचं वरातीचं वय गेलं भाऊ, म्हणून दवाखान्याचंच समजा.

मजा पुढे झाली. गाडी जीपला जोडली आणि जीप मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली. तोंड वर, शेपूट खाली. किशोर नाक्यापर्यंत गेला आणि जीप हळूहळू हाकत परत आला. म्हणाला, स्टेअरिंग फिरवतो तर पुढची चाकं ऐकतच नाहीत.

चूक इनायतुल्लाची होती आणि ती त्याच्याच हातून होऊ शकत होती. तीस वर्षं त्यानं ट्रॅक्टरसाठी बनवलेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक तो मुद्दाम मागे बसवायचा, म्हणजे कापसाचा भार पुढे हुकावर येतो, ट्रॅक्टरची मोठी चाकं काळ्या मातीत दबतात आणि चिखलातही घसरत नाहीत. शेतकरी त्याची ट्रॉली त्याच गुणासाठी नावाजायचे. तोच गुण त्यानं जीपच्या पाठीवर घातला होता. लोखंडही ट्रॉलीचंच वापरलेलं, जाड अँगलचं.

त्याची कान पकडायची तयारी होती. पण जमुनाबाईला धीर कुठला. भार पुढे होतो ना, मग सामान मागे टाकू, म्हणून तिनं बेसनाचे कट्टे आणि तेलाचे डबे दाराशी रचले. जीपनं तोंड खाली घेतलं. सगळे खूश. किशोर अकोटच्या रस्त्याला लागला, आणि जरा वेग धरताच मागची गाडी डावी-उजवी डुलू लागली. अशी डुलली की सायकलवाले शेतात उतरले. किशोर घाम पुसत परतला तेव्हा दारातला एक डबा रस्त्यात राहून गेला होता.

डोमाजी आतापर्यंत बाजेवरून हे सगळं पाहत होता. तो काठी टेकत आला. तरुणपणी त्यानं लोकांच्या कापसाच्या बंड्या हाकल्या होत्या.

"उलाळ झाली," तो म्हणाला. "मागं जड, पुढं हलकी. असी बंडी बैलाच्या मानेवर बसतच नाई. बैल येडा होते."

"मंग कसी भराची?" इनायतुल्लानं विचारलं.

"जू उचलून पाहाचं. एकदम हलकं लागलं त उलाळ. हाललंच नाई त बैलाची मान मोडते. उचललं पायजे, पन उचलताना तोंडातून आवाज निंघाले पायजे."

इनायतुल्लानं चाकांच्या आसाची नवी जागा खडूनं आखली. मग त्यानं गॅसकटर पेटवला आणि आस वीतभर पुढे घेतला. जड सामान चाकांच्या वर आलं, पलंग त्याच्या पुढे. दांडा उचलून पाहायचं काम डोमाजीच्या कंबरेचं नव्हतं, म्हणून जमुनाबाई आणि रईसानं मिळून उचलला. दोघींच्या तोंडातून एकाच वेळी आवाज निघाला. डोमाजी म्हणाला, जमलं. नंतर वजन केलं तर दांड्यावर सत्तर किलो भरले, म्हणजे गाडीच्या वजनाचा जवळपास दहावा हिस्सा. डोमाजीला दहावा हिस्सा वगैरे माहीत नव्हता.

पण वजन करायला गेले तिथेच खरी अडचण निघाली. जत्रेला चार दिवस राहिले होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या धरमकाट्यावर गोवर्धन बसायचा. एरवी त्या दिवसांत बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची. त्या साली तो एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून होता. त्यानं पैसे घेतले नाहीत, उलट पुन्हा या म्हणाला. काट्यावर गाडी चढली. सात क्विंटल सत्तर किलो.

इनायतुल्लानं टोपी काढून हातात घेतली. जास्तीचं सगळं वजन त्याच्या जाड अँगलचं होतं. बारीक अँगल लावून सांगाडा बदलता येईल, पण त्याला आठ दिवस लागतील. जीपमध्ये काही टाकावं तर तिथे गूळ, ताडपत्री आणि माणसं आधीच. शिवाय दांड्याचे सत्तर किलो तिच्याच पाठीवर.

गाडीतून काय उतरवायचं? काढण्याजोग्या जड वस्तू दोनच होत्या. लोखंडी भट्टीसकट मोठी कढई, पंच्याहत्तर किलो. आणि फळ्यांचा पलंग गादीसकट, साठ किलो; तो काढून तेलाचे दोन डबे कमी केले तरी जमत होतं.

सगळे कढईकडे पाहत होते. कढई नाही तर दुकान नाही. अखेर डोमाजी बोलला.

"पलंग काढ वं. मी घरी बरा हाओ. कढई कमावते, मी काय करतो?"

"तुमी पाक करता."

"किशोर शिकला हाय."

"किशोरचा पाक म्या खाल्ला हाय," जमुनाबाई म्हणाली. किशोरनं दुसरीकडे पाहिलं. "अन् पाकाचं सोडा. बत्तीस सालं बाजूले मानूस हाय मनून मी बडबड करतो. तठी मी कोनासंग बोलू, भट्टीसंग?"

तिनं कढई उतरवायला सांगितली. इनायतुल्ला म्हणाला, वयनी, कढईशिवाय जाऊन काय करणार? त्यावर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या शहाण्या माणसाला एवढंही सुचू नये याचं तिला नवल वाटावं. एसटी कशाला आहे?

जत्रेच्या दोन दिवस आधी, सकाळच्या अमरावती गाडीच्या टपावर कढई पालथी बांधली गेली. शेजारी भट्टी. कंडक्टर शेषराव लगेजचं तिकीट फाडताना म्हणाला, की या आकाराची सवारी एसटीनं आजवर पाहिली नाही. जमुनाबाईनं त्याला सांगितलं, ही सवारी तुमच्या काही सवाऱ्यांपेक्षा कमी बोलते. दर्यापूरपर्यंत टपावर ठणठण चालू होती. अमरावतीच्या स्टँडवर दोन हमालांनी कढई उतरवून कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूरला जाणाऱ्या गाडीवर चढवली, आणि संध्याकाळी जमुनाबाई कढईसह कौंडण्यपुरात उतरली. बत्तीस वर्षांत ती पहिल्यांदा एकटी आली होती. तिनं नेहमीच्या जागी भट्टी मांडली, शेजारच्या बांगडीवाल्या माणिकबाईजवळ जेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून बसली. माणिकबाईनं तिला दोनदा काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही, तेव्हा माणिकबाईला काळजी वाटली.

जीप तिसऱ्या प्रहरी आली. किशोरनं घाई केली नव्हती. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यानं गिअर खाली घेतला, ब्रेक लावला, आणि जीप थांबली. मागची खोलीही थांबली. जमुनाबाईनं ते बसल्या जागेवरूनच पाहिलं आणि मग उठली.

डोमाजी पुढच्या सीटवर उशी घेऊन बसलेला. त्याला उतरवलं. गाडीच्या दांड्याखाली विटा रचून खोली सपाट केली, चाकांना दगड लावले. पडदा पाहायला बायका जमल्या. त्या रात्री डोमाजी पलंगावर झोपला, आणि जमुनाबाईनं गाडीतच, पलंगाच्या बाजूच्या हातभर जागेत सतरंजी टाकली. खाली फळी होती, ओल नव्हती. रात्रभर तिची बडबड पत्र्यातून बाहेर ऐकू येत होती, असं माणिकबाईनं सकाळी सगळ्यांना सांगितलं.

सकाळी डोमाजी दारात उभा राहिला. दार बुटकं होतं, तो वाकला, आणि वाकून पुन्हा सरळ झाला. जमुनाबाई भट्टीत लाकडं सारत होती. तिनं वर न पाहता विचारलं, कंबर कशी?

"सालबर्डीची जत्रा कवा हाय वं?"

"शिवरात्रीले. काहून?"

"जाऊ मनलं."

जमुनाबाईनं लाकूड बाजूला ठेवलं आणि थोडा विचार केला. सालबर्डी सातपुड्यात, चढ-उताराचा रस्ता.

"तठी घाट हाय," ती म्हणाली. "इनायतभाऊले सांगा लागन, बारीक अँगल लावा मनून."